व्यसन : नाही

"मी शपथेवर बी नाहीच म्हणीन, मॅडम," सलीम म्हणाला. आम्ही बुलढाण्याच्या ग्राहक आयोगाच्या व्हरांड्यात उभे होतो. पाच मिनिटांत त्याची उलटतपासणी होती. मी त्याची वकील.

सलीम रोहिणखेडचा टेलर. जिभेवर फोड आला, तेव्हा तो वडिलांना घेऊन एका डॉक्टरांकडे गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू, गुटखा?" शेजारी अब्बा. पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप असलेला सलीम म्हणाला, "नाही." केसपेपरवर तेच लिहिलं गेलं, आणि पुढे तीन महिने नुसत्या व्हिटॅमिनच्या गोळ्या. कॅन्सर कळला तेव्हा अर्धी जीभ काढावी लागली.

आमचं म्हणणं साधं होतं. फोड दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर बायोप्सी करायची, म्हणजे त्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवायचा. डॉक्टरांचे वकील म्हणत होते, पेशंटच खोटं बोलला, डॉक्टर काय करणार? माझ्याकडे त्याला उत्तर होतं. पण सलीम शपथेवर खोटं बोलताना सापडला असता, तर केसचे बारा वाजले असते.

"अरे, जीभ गेली तुझी!"

"गेली तं गेली. अब्बासमोर कसं सांगू?"

राग आला आणि हसूही. माझा पन्नाशीचा भाऊ आजही आई दिसली की सिगारेट चपलेखाली विझवतो.

पुकारा झाला. अब्बा पहिल्याच बाकावर, धुतलेली टोपी घालून.

"गुटखा खात होता का?" वकिलांनी विचारलं.

सलीमनं मान खाली घातली. तेवढ्यात अब्बा उठले. "मले पाणी प्यायचं हाय," असं माझ्या कानाशी पुटपुटून बाहेर गेले. पाण्याची बाटली त्यांच्या पिशवीतच होती.

दार लागलं. सलीम म्हणाला, "हो. पंधरा वर्षं."

मग डॉक्टरांची पाळी. मी विचारलं,

"उघडलेल्या तोंडात तीन बोटं उभी मावली पाहिजेत. गुटख्यानं तोंड आखडतं. सलीमच्या तोंडात दोनच मावतात. तुम्ही मोजली होती?"

"तो नाही म्हणाला होता."

"तोंड उघडून, टॉर्च लावून पाहिलं होतं?"

डॉक्टरांनी केसपेपर उलटसुलट केला. तशी नोंद कुठेच नव्हती.

निकाल आमच्या बाजूने लागला. त्या दिवशी अब्बा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मशीनच्या ड्रॉवरात पुड्या दिसत व्हत्या मले, मॅडम. डॉक्टरकडे बी मले तहान लागाले पाहिजे व्हती."

तेव्हापासून पक्षकाराला काहीही विचारण्याआधी मी घरच्यांना चहाला पाठवते. डॉक्टरांनीही पाठवावं.