भावजींची डावी खुर्ची

माझे भावजी पायलट म्हटलं, की लोकांच्या डोळ्यांपुढे बंगला आणि परदेशवाऱ्या येतात. आमच्या भावजींचं विमान सत्तर माणसांचं, तासाभरावरच्या गावांना जाणारं. विमानावर रंग आणि नाव बड्या कंपनीचं, पगार मात्र तिच्यासाठी कंत्राटावर उड्डाणं करणाऱ्या छोट्या कंपनीचा. मी त्यांना उसन्या कपड्यांतला नवरदेव म्हणून चिडवायचो. ते हसायचे, ताई डोळे वटारायची.

त्या धंद्यात ज्येष्ठतेचा क्रमांक म्हणजे सर्वस्व. सुट्टी कधी, मार्ग कुठला, डाव्या खुर्चीत कॅप्टन म्हणून बसायचं की उजवीकडे त्याच्या हाताखाली, सगळं त्यावर ठरतं. आणि कंपनी बदलली की माणूस पुन्हा शेवटच्या नंबरावर. भावजी युनियनचे पुढारी, त्यामुळे हा नियम म्हणजे त्यांच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ. मागे एक छोटी कंपनी बुडाली आणि तिथले पायलट यांच्याकडे आले. त्यातल्या एका कॅप्टन बाईंनी भर बैठकीत विनवलं, की आमची जुनी वर्षं निदान निम्मी तरी धरा. भावजी सगळ्यांसमोर म्हणाले, "मागून आलेल्यानं मागेच उभं राहायचं." टाळ्या पडल्या. बाई उठून गेल्या त्या थेट दुसऱ्या, नव्यानंच निघालेल्या कंपनीत. भावजींनी हे जेवताना रंगवून सांगितलं, तेव्हा मी तोंडावर म्हटलं की हे काही बरं केलं नाहीत. तुला यातलं काय कळतं, म्हणून त्यांनी मला उडवून लावलं.

पुढे बड्या कंपनीनं यांच्या कंपनीचं कंत्राट काढून घेतलं आणि त्याच नव्या, स्वस्तातल्या कंपनीला दिलं. भावजींनी उन्हात फलक धरले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, पण पदरात काही पडलं नाही. नवी कंपनी नोकरी द्यायला तयार होती, पण यादीच्या तळाशी. या लोकांची जुनी वर्षं धरायची का, यावर तिथल्या युनियननं मत घेतलं. बाजूनं एकच हात वर झाला. तो त्या बाईंचा होता, हे भावजींना मागाहून कळलं आणि ते मिटून गेले. मला त्यांचा राग होता, पण त्यांना असं बघवत नव्हतं.

शेवटी ते तळाच्या नंबरावरच रुजू झाले. तिथलं पहिलंच उड्डाण त्या बाईंबरोबर लागलं. भावजी सवयीनं डाव्या खुर्चीत जाऊन बसले, पट्टाही बांधला. मान वळवली तर बाई बॅग घेऊन दारात उभ्या. किती वेळ उभ्या होत्या, कोण जाणे.

संध्याकाळी ते घरी आले आणि बूट न काढताच बसून राहिले. एरवी मी काहीतरी टोमणा मारलाच असता. त्या दिवशी पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला. शेवटी ताईनंच हळूच विचारलं, बाई काही लागट बोलल्या का?

"नाही गं," भावजी म्हणाले. "'सावकाश उठा, सर,' एवढंच म्हणाली. मग दिवसभर सरच म्हणत होती. एक शब्द ऐकवला असता, तर निदान रागवायला तरी कुणी मिळालं असतं."