खिडकीवाल्या बाई

आधीच माफी मागतो. माणसांविषयी लिहिणाऱ्यांच्या घरी पुस्तकांची कपाटं असतात, असं मला वाटत आलं आहे. आमच्या कपाटात गोधड्या आहेत, आणि घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यातून ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे, त्या बाईंनी हे कागद पाहिले असते तर पहिला प्रश्न विचारला असता, "कुणाचं बघून लिहिलंस?" तरी लिहितो आहे, कारण गेल्या आठवड्यात आलेला एक फोन मनातून जात नाही.

बाईंचा कुणावरच विश्वास नव्हता. नवा खडूसुद्धा त्या आधी मोडून बघायच्या, म्हणायच्या, "आत खडा असतो." शाळेच्या घंटेवर त्यांचा विश्वास नव्हता, छत्री दुरुस्त करणाऱ्यावर नव्हता. पण सगळ्यांत जास्त संशय त्यांना घडाघडा वाचणाऱ्या मुलाचा यायचा. एखादं मूल अडखळलं की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. "हा निदान फसवत नाही," असं त्या म्हणायच्या. आणि कुणी न थांबता वाचू लागला की पुढे वाकून विचारायच्या, "तोंड वाचतंय. डोळे कुठायत?"

आमची शाळा वालीवला, कारखान्यांच्या गाळ्यांमागे होती. वडील त्यातल्याच एका गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या काढणाऱ्या मशीनवर होते. आई घरी बसून खोट्या दागिन्यांना खडे चिकटवायची. आम्ही साताऱ्याकडचे. बाई मात्र इथल्याच, पश्चिमेकडच्या केळीच्या वाड्यांतल्या एका ख्रिस्ती गावातल्या. त्या घरच्यांशी फोनवर त्यांच्या बोलीत बोलत, तेव्हा आम्हाला एक अक्षर कळत नसे. त्यामुळे त्या आमच्याबद्दलच बोलतात, अशी सगळ्या वर्गाची खात्री होती. संशय काही एकाच बाजूने नव्हता.

त्यांच्या पर्समध्ये पुठ्ठ्याचा एक तुकडा असे. जुन्या लग्नपत्रिकेचं जाड पाकीट कापून त्यांनी तो केला होता आणि मधोमध एक शब्द दिसेल एवढी फट पाडली होती. हा पुठ्ठा पुस्तकाच्या पानावर ठेवला की बाकीचं सगळं झाकलं जाई आणि फटीतून एकच शब्द आपल्याकडे बघत राही. आम्ही त्याला खिडकी म्हणायचो, आणि बाईंना खिडकीवाल्या बाई.

त्या आल्या तेव्हा मी तिसरीत होतो आणि शाळेचा नावाजलेला वाचक होतो. पाहुणे आले की हेडसर मलाच उभं करायचे. बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला जत्रेचा धडा वाचायला सांगितला. मी पुस्तक छातीसमोर धरलं आणि आकाशपाळण्यापासून भजीच्या गाडीपर्यंत एका दमात म्हटलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी खिडकी काढली, पानाच्या अगदी तळाशी ठेवली आणि म्हणाल्या, "आता हा."

मी मनातल्या मनात धडा पहिल्यापासून म्हणायला लागलो, म्हणजे म्हणत म्हणत त्या शब्दापाशी पोचेन. बाईंनी माझे हलणारे ओठ पाहिले आणि खिडकी एक शब्द मागे सरकवली. मी धडा पुन्हा पहिल्यापासून धरला. पुन्हा मागे. फटीत काळ्या मुंग्या होत्या, दुसरं काही नव्हतं.

खरं सांगतो, मला वाचता येत नाही हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, वाचणं म्हणजे हेच. पुस्तक समोर धरायचं, चित्र बघायचं आणि ऐकलेलं म्हणायचं. घरी वाचणारं कुणी नव्हतं, मग वेगळं काय असतं ते मला कोण दाखवणार?

बाईंनी मला रोज एक तास पहिलीच्या मुलांत बसवायचं ठरवलं. हेडसर चिडले. "बाई, शाळेतला एकुलता एक चांगला वाचणारा पोरगा, त्यालाही तुम्ही खाली बसवणार?" बाई म्हणाल्या, "सर, तो वाचत नाही. गातो."

दुसऱ्या दिवशी आई शाळेत आली. सोबत गावाहून आणलेली कापडी पिशवी होती. ती दारातूनच म्हणाली, "आम्ही बाहेरचे म्हणूनच ना, बाई? माझं पोरगं खडाखडा वाचतंय. शेजारचे ऐकायला येत्यात."

"बाहेरचा म्हणून नाही. माझा आतल्यांवरही विश्वास नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आईच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "काय रे, काय लिहिलंय त्यावर?"

पिशवीवर उसाच्या कांड्यांचं चित्र होतं. मी लगेच म्हणालो, "ऊस." आईनेही अभिमानाने मान हलवली. ऊस तर दिसतच होता.

बाईंनी चित्रावर पंजा ठेवला. "आता?"

खाली दोन ओळी होत्या, मोठ्या, लाल. मी आईकडे पाहिलं. आईने पिशवीकडे पाहिलं.

"दुकानदाराचं नाव आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आणि खाली, बी-बियाणे मिळतील. ऊस कुठंच नाही. चित्र फसवं असतं, आई. तुम्हीही चित्रच वाचता ना? मग घरी याला पकडणार कोण?"

आईने पिशवीची घडी करून ती काखेत धरली. पण तिचा संशय गेला नव्हता. त्यानंतर कितीतरी दिवस ती खड्यांचं काम घेऊन शाळेच्या ओट्यावर येऊन बसायची, म्हणजे बाई माझा छळ करत नाहीत ना ते तिला वर्गाच्या खिडकीतून बघता येई. बाईंनी तिला हटकलं नाही. "बसू दे," त्या म्हणाल्या, "लक्ष ठेवणारी आई बरी."

वडिलांनी सांगून टाकलं होतं की दिवाळीपर्यंत पोराला वाचता आलं नाही तर त्याला गावी आजोबांकडे पाठवायचं, तिथं निदान गुरं तरी राखील. त्यामुळे मला खिडकीची भीती वाटायची, आणि गावची त्याहून जास्त.

पुस्तकातलं पाठ होतं म्हणून बाई रोज सकाळी फळ्यावर कुठल्याच पुस्तकात नसलेलं काहीतरी लिहीत. 'आज हेडसरांचा शर्ट उलटा आहे.' वाचून जो हसेल त्याला वाचता आलं, आणि जो शेजाऱ्याचं बघून हसेल तो त्यांच्या तावडीत सापडला. खाडीकडच्या गावातली एक मुलगी पाण्याला पानी म्हणायची. एकदा आम्ही तिला हसलो, तेव्हा बाई आम्हालाच म्हणाल्या, "हसू नका. तिच्या आजीची तहान त्याच शब्दाने भागते." आणि तिला म्हणाल्या, "तोंडात घरचं राहू दे. कागदावर शाळेचं लिही." हे सांगताना मात्र त्यांच्या आवाजात संशय नव्हता.

दिवाळी जवळ आली तेव्हाची गोष्ट. बाई वर्गात आल्या, काही न बोलता फळ्यावर एक ओळ लिहिली आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. पुढचा मुलगा बाईंना नमस्ते करायचं असं समजून उभा राहिला. त्याचं बघून त्याच्या मागचा, मग सगळा वर्ग. मी फळ्याकडे बघत एकेक अक्षर जोडत होतो. 'आज कुणीही उभं राहू नका.'

मी बसून राहिलो. सगळे उभे असताना एकट्याने बसणं फार कठीण असतं.

बाई माझ्याजवळ आल्या. "झोप लागली होती, की वाचलंस?"

"वाचलं."

"बघू," त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

मला शाबासकी हवी होती. ती मिळाली नाही. ओट्यावर बसलेल्या आईने मात्र घरी येताना रस्त्यातल्या बिस्किटाच्या जाहिरातीवर लांबूनच अंगठा धरला, चित्र झाकलं आणि म्हणाली, "काय लिवलंय?" मी वाचलं. गावी जायचं राहिलं. त्या दिवसापासून आमच्या घरात पुडा आला की आधी त्याच्या चित्रावर कुणाचा तरी अंगठा पडतो.

दहावी पास झालो तेव्हा पेढे घेऊन बाईंच्या घरी गेलो. त्या निवृत्त होऊन भाच्याच्या कुटुंबासोबत वाडीतल्या घरात राहत होत्या. पेढा हातात घेऊन त्या म्हणाल्या, "पास झालास म्हणे. बघू." आणि चर्चचं मासिक माझ्यापुढे टाकलं. "शेवटच्या पानापासून."

शेवटच्या पानावर गावातल्या मृतांची नावं होती. एकेक नाव लांबलचक, माझ्या जिभेला अनोळखी. मी अडखळत, पुन्हा मागे जात, सगळी वाचली. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "अडखळलास. पण गाळलं नाहीस."

तेव्हाही मला तो संशयच वाटला. मी हिरमुसून परत आलो. पुढे आम्ही बोळिंजला राहायला गेलो, कॉलेज सुरू झालं, आणि जाणं झालं नाही. बाईंना माझं वाचन कधीतरी खरं वाटलं का, हा प्रश्न मात्र सोबत राहिला.

गेल्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. "तुम्ही वालीवच्या शाळेतले ना?" मला वाटलं, कर्ज विकणारा असेल, नाहीतर ओटीपी मागणारा. मी विचारलं, "तुम्हाला नंबर कुणी दिला?" पलीकडचा माणूस हसला. "आत्या म्हणालीच होती, नाव सांगून पोरगा विश्वास ठेवणार नाही, पिशवीवरच्या उसाचं सांग."

तो बाईंचा भाचा होता. त्याने सांगितलं, साखरेच्या आजारात बाईंची नजर गेली आहे. आता घरचे त्यांना पेपर आणि मासिक वाचून दाखवतात, पण त्यांच्यातलं कुणीही वाचलं तरी बाईंना पटत नाही, म्हणतात तुम्ही गाळता.

"गाळता का?" मी विचारलं.

तो आवाज खाली करून म्हणाला, "तिच्या बरोबरीच्या एक शिक्षिका होत्या. रोज फोन करायच्या. त्या गेल्या. मासिकात आलेलं त्यांचं नाव आम्ही वाचलं नाही. आता ती हट्टाला पेटली आहे. म्हणते, त्या पोराला बोलवा. तो अडखळेल, पण गाळणार नाही. तुम्ही या हो. फक्त तेवढं एक नाव गाळून..."

"काय कुजबुजतोयस?" मागून आवाज आला. तोच. "फोन इकडे आण."

फोन हातात घेतल्याची खरखर झाली.

"बाई, मी," मी म्हणालो.

"कशावरून?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर ये. आणि शेवटच्या पानापासून वाच. या लोकांनी तिथंच काहीतरी दडवलंय."