वाकड्या गाजरांचा भाव

टायपिस्टबाईंनी बत्तीस वर्षांच्या नोकरीत कागदावर एकही चूक खपवून घेतली नाही. भाजी मात्र त्या चुकलेलीच घ्यायच्या. दर रविवारी शाळेच्या मैदानावर शेतकऱ्यांचा बाजार भरे. बाकीची गिऱ्हाइकं सरळ, गुळगुळीत गाजरं निवडत. बाई गाजरवालीच्या पाठीमागच्या टोपलीत हात घालत. तिथे दोन पायांची, तीन शेपट्यांची, एकमेकांना मिठी मारून बसलेली गाजरं असत आणि ती निम्म्या भावात मिळत.

निम्म्या भावाचं कारण बाईंनी घरात कधी कबूल केलं नाही. "वाकड्याला चव असते," त्या नवऱ्याला ठणकावून सांगत. "सरळ गाजर म्हणजे नुसतं पाणी. वाकडं जमिनीशी भांडून वाढतं."

"मग तुझ्या चवीचं विचारायलाच नको," नवरा म्हणे आणि सोलाणं शोधायला जाई, कारण ती शेपटं सोलायचं काम त्याच्या गळ्यात होतं. तो बसमधला निवृत्त कंडक्टर. ही चव जिभेआधी पाकिटाला कळते, असा त्याला वीस वर्षं संशय होता. पुरावा तेवढा नव्हता.

बाईंची चूक एकच झाली. चवीचं हे शास्त्र त्यांनी घरापुरतं ठेवलं नाही. टोपली उपसता उपसता त्या शेजारच्या गिऱ्हाइकांनाही ते मोठ्याने ऐकवू लागल्या. घेणाऱ्याने मालाला नावं ठेवावीत, हे शेंबडं पोरही जाणतं. बाई कौतुक करत राहिल्या आणि लोकांना पटत गेलं.

एका रविवारी नवरा पिशवी धरायला म्हणून बरोबर आला. पाहतात तो पाठीमागची टोपली पुढे आलेली. वर पुठ्ठ्याची पाटी: 'वाकडी गाजरं, खास चवीची.' भाव सरळ गाजरांच्या दीडपट.

"अगं, हे काय चालवलंयस?" बाई कडाडल्या.

"तुमचीच कृपा, बाई," गाजरवाली म्हणाली. "तुम्ही बोलता आणि लोक टोपली रिकामी करतात. सरळ माल पडून राहतो, म्हणून त्याचा भाव उतरवला."

बाईंची पंचाईत झाली. दीडपट द्यायचे, तर हात पर्सकडे जाईना. सरळ घ्यायची, तर वीस वर्षांची चव खोटी ठरणार आणि नवरा ते मरेपर्यंत ऐकवणार. तो तर पिशवीचं तोंड उघडून उभाच होता.

"घे ना," तो मधाळ आवाजात म्हणाला. "चवीपुढे पैशाचं काय एवढं?"

बाईंनी दोन्ही ढीग पाहिले, चष्मा वर सरकवला.

"सरळ दे किलोभर. आणि वाकडं एक."

"एक किलो?"

"एक नग. यांच्यासाठी. चवीचं यांनी खावं. माझं काय, मी सरळ खाऊन दिवस काढीन."

गाजरवालीने हसू दाबत टोपलीत हात घातला. "कुठलं देऊ?"

"सगळ्यात लहान बघ," बाई म्हणाल्या. "दात तरी किती उरलेत त्यांचे!"