तेलविहिरीचे जाणकार

तेल शोधणाऱ्या कंपनीत तेल मिळो न मिळो, किस्से मात्र हमखास मिळतात. मी तंजावरला अशाच एका कंपनीत भूवैज्ञानिक म्हणून सगळी नोकरी काढली. दुपारी डबे उघडले की कुणीतरी म्हणायचं, "परवाचं ऐकलंत का?" आणि सगळ्यांचा सांबारभात निवून जायचा. त्यातले चार-पाच सांगतो.

पहिला घरचाच. आम्ही राजवाड्यामागच्या गल्लीतले मराठी. घरात मराठी, दारात तमिळ, ऑफिसात इंग्रजी. शेजारी राहणाऱ्या आत्याला परसात बोअर मारायचा होता. मला म्हणाली, "जागा दाखव."

मी म्हटलं, "आत्ते, इथे खाली सगळीकडे पाण्यानं भरलेली वाळू आहे. पाइपाला सोयीचं पडेल तिथे मार."

ती हिरमुसली. दुसऱ्या दिवशी तळहातावर नारळ घेऊन फिरणारे एक गृहस्थ आले. त्यांनी डोळे मिटून तीन फेऱ्या मारल्या आणि मोरीजवळच्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला. तिथे पाणी लागलं. ते लागणारच होतं. तेव्हापासून प्रत्येक लग्नात आत्या माझी ओळख करून देते, "हा जमिनीखालचं शिकलाय. पण यास नेमकं काही सांगता येत नाही."

*

आमचे प्रमुख नटराजन सर मुळात खरेदी विभागातले. बढती होत होत आमच्या डोक्यावर आले. माणूस गोड होता. फक्त जमिनीखाली तेलाची तळी असतात आणि आम्ही त्यात नळी सोडतो, अशी त्यांची समजूत होती.

ती दूर करायला कलैवाणी मॅडम गेल्या. विहिरीतून वर येणाऱ्या दगडाच्या चुऱ्यात खसखशीहून बारीक शंख-शिंपले असतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून खडकाचं वय सांगणं हे मॅडमचं काम. त्यांनी सरांच्या टेबलावर वालुकाश्माचा तुकडा ठेवला आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब आत गेला.

"तेल असंच असतं, सर. कणांमधल्या फटीत. वर चिकणमातीच्या थराचं झाकण असेल तरच ते तिथे टिकतं."

सर अगदी भारावले. पुढच्या आठवड्यात दिल्लीच्या मुख्यालयाबरोबरच्या व्हिडिओ मीटिंगसाठी त्यांची पहिली स्लाइड आली: काळंभोर तळं, काठाला हिरवळ. मी विचारलं तर म्हणाले, "दिल्लीला दगड कळत नाही."

दिल्लीहून एकच प्रश्न आला, "तळ्याची खोली किती?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हटलं, "वाळूच्या दोन कणांमध्ये मावेल एवढी."

सरांनी तत्काळ दिल्लीला सांगितलं, "पुरेशी."

*

मग तिरुवैयारुजवळच्या एका गावात सभा झाली. गावाला आमची विहीर नको होती. मला तमिळ चांगलं येतं म्हणून बोलायला उभं केलं. मी सांगितलं, "तेल फार खोल आहे. तुमचं पाणी वर आहे. मध्ये चिकणमातीचा जाड थर आहे, त्यातून काहीही वर येत नाही."

देवळात मृदंग वाजवणारे एक आजोबा पुढे बसले होते. त्यांची शेती तिथेच होती. म्हणाले, "तुमचं पटलं मला. एवढं चांगलं झाकण देवानं दिलंय, तर त्याला भोक कशाला पाडता?"

मी म्हटलं, "भोकात पोलादी नळी घालतो, आजोबा. बाहेरून सिमेंट भरतो."

"आमच्या पाण्याच्या टाकीलाही सिमेंटच भरलंय," आजोबा म्हणाले. "ती पोंगलपासून गळतेय."

सगळं गाव हसलं. त्या गावात विहीर झाली नाही. आमच्या इतिवृत्तात मात्र नोंद आहे: 'ग्रामस्थांनी सिमेंटच्या गुणवत्तेविषयी आस्था दाखवली.'

*

नवी जागा शोधायला बाहेरून सल्लागार आला. जमिनीला हादरे द्यायचे, परत येणाऱ्या लहरी टिपायच्या आणि त्यावरून थरांचं चित्र काढायचं, हे आम्हीही करायचो. त्याच्याकडे रंगीत सॉफ्टवेअर होतं. पडद्यावर एक लाल डाग दिसला.

"लाल म्हणजे तेल?" सरांनी विचारलं.

"लाल म्हणजे जिथे जास्त अभ्यास करावा अशी जागा," तो म्हणाला. सर तोवर फोटो काढत होते.

दुसऱ्या दिवशी त्याने रंग बदलून तेच चित्र लावलं. डाग हिरवा झाला. सर गंभीर झाले. "काल इथे तेल होतं," ते म्हणाले.

सल्लागार शहाणा होता. त्याने पुन्हा लाल केलं. जागा मंजूर झाली.

*

त्या जागी खोदाई सुरू झाली. आम्हाला हवी होती ती वाळू लागली, पण तिच्यात खारं पाणी. पुढे चुऱ्यातले शिंपले संपले आणि गुलाबी, करकरीत दाणे यायला लागले. म्हणजे तळाचा मूळ खडक. त्याच्याखाली तेल शोधणं म्हणजे परातीच्या पत्र्याखाली कणीक शोधणं. कलैवाणी मॅडमनी त्याच सकाळी टिपणी लिहून सरांकडे पाठवली.

खोदाई आणखी पाच दिवस चालली. खडक इतका कठीण की खोदायची पाती झिजून गेली. यंत्रावरचा माणूस रोज फोन करायचा, "मॅडम, अजून खाली जायचं?" त्या म्हणायच्या, "मी लिहून दिलंय." फोन ठेवला की पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या.

शेवटी चौकशी समिती आली. सर म्हणाले, "मला भूविज्ञान विभागाकडून कसलाच सल्ला मिळाला नाही."

मॅडमनी फाइल पुढे सरकवली. अध्यक्षांनी मोठ्याने वाचलं, "मूळ खडक लागला आहे, खोदाई तत्काळ थांबवावी." त्याखाली सरांचं सुंदर हस्ताक्षर होतं. अध्यक्षांनी तेही वाचलं, "उत्तम काम. असंच चालू ठेवा."

सर म्हणाले, "मी मॅडमचा हुरूप वाढवत होतो."

महिन्याभराने निर्णय आला. टिपणी परिणामकारक कशी लिहावी, याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण. कलैवाणी मॅडमना.

त्या गेल्या. परत आल्यावर मी विचारलं, "काय शिकवलं?"

सूक्ष्मदर्शकाची काच पुसत त्या म्हणाल्या, "महत्त्वाचा मुद्दा पहिल्याच ओळीत लिहावा."

"मग?"

"माझ्या टिपणीत दुसरी ओळ नव्हतीच."