चंद्राबाईच्या दारावरची तारीख

भोरमधल्या आमच्या शेतकरी संघटनेच्या कचेरीत रत्ना बसते. बारावीनंतर कॉलेज सुटलं. कंप्युटर ती पुस्तकं उघडून आणि मशीन बिघडवून शिकली. तिला कुणी 'टायपिंगवाली' म्हटलं की मी भांडायला उठतो. ती नुसती हसते.

संघटनेचं भात मळायचं यंत्र एकच, आणि कापणीत दहा गावांचा त्याच्यावर डोळा. कुणाच्या खळ्यावर कधी जायचं, ते रत्नानं कंप्युटरच्या एका फायलीत बसवलं. शेतकऱ्यांचा तक्ता वेगळा, तारखांचा वेगळा. नाव एकदाच लिहायचं, पुढं नुसता नंबर जोडायचा. झकास चाललं. ती एकटी लिहीत होती तोवर.

मग विंझर आणि हिर्डोशीलाही नोंदणी सुरू झाली. कल्पना माझी, कबूल! फायलीची नक्कल पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह चिवड्याच्या डबीत, डबी एसटीच्या कंडक्टरकडं. सोमवारी विंझरची डबी आली, ती फाईल कचेरीतल्या फायलीवर चढवली. मंगळवारी हिर्डोशीची आली, तीही तिथंच चढवली. विंझरच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या आणि कुणाला पत्ता नाही.

बुधवारी विंझरच्या चंद्राबाई तणतणत कचेरीत आल्या.

"रत्ने, उद्या यंत्र माज्या खळ्यावर यायचं. तुजा डायवर म्हनतो, हिर्डोशीला कोंडिबाकडं चाललोय!"

रत्नानं फाईल बघितली. "मावशी, हितं कोंडिबातात्यांचंच नाव हाय."

"म्या दारावर कोळशानं तारीख लिवलीय. आता माजं दार खोटं का तुजी पेटी?"

"दार खरं," रत्ना म्हणाली, आणि तिनं कोंडिबांना फोन लावला. म्हातारा एक दिवस मागं सरकला, पण बोलायचं तेवढं बोललाच.

रविवारच्या बैठकीत संघटनेचे जुने सभासद रखमाजी म्हणाले, "वही आना. वही कवा बिगडत न्हाई."

"एक आठवडा द्या," रत्ना म्हणाली. "परत एक जरी तारीख दोघांना गेली, तर वही म्या सोता आनीन. परत कंप्युटरचं नाव काढनार न्हाई."

कचेरीतल्या जुन्या कंप्युटरचा तिनं सर्व्हर केला. आता फाईल कुठंच जाणार नव्हती; गावंच मोबाईलवरून तिच्याकडं येणार होती.

मी तडकलो. "नेट गेलं तर? लाईट गेली तर? फायलीला कुणाच्या बापाची वाट बघावी लागत नाही!"

"बरोबर हाय, दादा. कचेरीतल्या कपाटातल्या पुस्तकांची यादी फायलीतच ऱ्हाऊ द्या, ती म्या एकटीच लिवते. पन तारखांवर चार हात एकदम पडत्यात. तितं दारात कुनीतरी उभा पायजे, 'थांबा, आदी त्यांचं होऊ द्या' म्हननारा."

शुक्रवारी सकाळी परीक्षा झाली. चंद्राबाईंचं एका खाचरातलं भात मळायचं राहिलं होतं, कोंडिबांचंही. हिर्डोशीत रेंज नाही म्हणून कोंडिबा टेकाडावर चढले होते. दोघांनी जवळजवळ एकदमच रविवार दाबला. पडद्यावर एकच नाव उमटलं: चंद्राबाई. लगेच टेकाडावरून फोन.

"रत्ने, 'तारीख गेली' म्हनतंय! चंद्राबाई तुज्या सर्व्हरची मावशी का?"

"तात्या, तुमी दोन सेकंद मागं पडला. सोमवार मोकळा हाय."

"दोन सेकंद! आमची एसटी दोन तास मागं पडती, तिला कुनी बोलत न्हाई." मग बटण दाबून, "दाबला सोमवार. उतरू का खाली?"

"उतरा."

पुढच्या बैठकीला रखमाजी कोरी वही काखेत मारूनच आले. रत्नानं आठवड्याच्या तारखा वाचल्या. एकही दोघांना गेली नव्हती. रखमाजी वही तशीच परत न्यायला लागले, तेव्हा रत्नानं ती मागून घेतली. रोज संध्याकाळी ती सर्व्हरवरच्या तारखा तीत उतरवते.

"लाईट जाती ना," ती म्हणते. "दादा म्हनतच हुते."

म्हणत होतोच मी!