पलीकडच्या काठाचा धक्का

आमच्या नगर जिल्ह्यात समुद्र नाही, आणि तरी माझ्या ऐन उमेदीची वर्षं बंदराचे नकाशे काढण्यात गेली. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. मला तेव्हाही हसू येत नव्हतं, आजही येत नाही.

नवं धरण नुकतं भरलं होतं. तिथल्या कार्यालयात मी ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं उतरवायचा, हे माझं काम. नवरा स्टोअरमध्ये, राहायला धरणाच्या वसाहतीतच दोन खोल्या. आमचे साहेब कोकणातून बदलून आलेले. तिकडं म्हणे सहलीची मोठमोठी जहाजं लागावीत म्हणून बंदर वाढवायचं चाललं होतं, त्याच्या आखणीत ते होते. ते काम अर्ध्यात सुटलं, बदली झाली आमच्या कोरड्या मुलखात, आणि इथं त्यांना दिसलं पाणी. झालं! जलाशयात सहलीची दुमजली बोट फिरणार. तिला शोभेल असा धक्का हवा, प्रवाशांना बसायला हॉल हवा, तिकिटाची खिडकी, कँटीन, बसगाड्या वळवायला जागा, झेंड्याचा खांब आणि बाग. वरून मंजुरीही आली. बागेवर तर त्यांचा भारी जीव. दर महिन्याला नकाशात गुलाबाचे वाफे इकडचे तिकडे व्हायचे आणि मी आपली मुकाट्यानं नवे काढायची.

माझं माहेर बरोबर समोरच्या काठावर. आमच्या ओट्यावरून तिथल्या चुलींचा धूर दिसायचा. पूर्वी मधून गाडीवाट होती, ओढ्यावर दगडी मोरी होती. आई सकाळी भाकरी बांधून निघायची आणि दुपारच्या चहाला माझ्या दारात हजर. पाणी आलं आणि वाट बुडाली. गाव वर टेकाडावर सरकलं. आता यायचं म्हणजे धरणाला वळसा घालून एस.टी.नं, मध्ये गाडी बदलून, सगळा दिवस. आणि आईला एस.टी. लागायची. अशी तशी नाही. नुसता डिझेलचा वास आला तरी तिचा जीव कासावीस व्हायचा. एकदा हिय्या करून निघाली, तर पहिल्याच फाट्यावर उतरून माघारी चालत घरी गेली. मी दिवाळीला जाईन तेवढीच भेट. माझी मुलगी रांगायला लागली, ते तिच्या आजीला पाहायला मिळालं नाही.

माझं म्हणणं एवढंच होतं. बोट तिकडून वळणारच आहे, तर पलीकडं एक छोटासा धक्का बांधा. चार पायऱ्या आणि दोर बांधायला एक कडी, बस्स.

"बाई, ही सहलीची बोट आहे," साहेब म्हणाले. "गाठोडी घेऊन माणसं चढायला लागली तर पर्यटक फिरकतील का?"

"साहेब, त्या माणसांच्या जमिनी या पाण्याखाली आहेत."

"ते खातं वेगळं," असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या दिवशी नकाशा शाईनं पुरा करताना मी पलीकडच्या काठावर माझ्या मनानंच चार पायऱ्या आखून ठेवल्या. साहेबांनी पाहिलं. ब्लेड घेतलं आणि तेवढीच शाई खरवडून काढली. काही दिवसांनी मी परत काढल्या, त्यांनी परत खरवडल्या. असं आमचं चालायचं. माणूस ओरडला असता तर बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं.

धक्का नेमका कुठं बांधायचा, यावर बैठक भरली. धरण पहिल्यांदा भरलं तेव्हा जिथं जलपूजन झालं, बायकांनी खणानारळानं पाण्याची ओटी भरली, तिथला दगड चुना फासून राखलेला होता. गावोगावची पुढारी मंडळी एकमुखानं म्हणाली, धक्का तिथंच. ओटीची जागा सोडून खाली बांधायचं म्हणजे पाणी उतरणार असं आपल्याच तोंडानं म्हणायचं, आणि असलं अभद्र बोलणार कोण? साहेबांनीही मान डोलावली. समुद्राचं पाणी गेलं तरी काही तासांत माघारी येतं, त्या सवयीचे ते. धक्का चुन्याच्या दगडाला धरून उभा राहिला. काळ्या पाषाणाचा, देखणा, मला उगाच खोटं बोलायचं नाही.

आणि मग पावसानं दगा दिला. बहात्तरचा दुष्काळ. पाणी धक्का सोडून खाली गेलं. साहेब म्हणाले, पायऱ्या वाढवू. मी पायऱ्या काढल्या. त्या बांधून होईतो पाणी आणखी खाली. परत पायऱ्या! दुष्काळी कामावर खडी फोडणारी एक बाई मला म्हणाली, "ह्या पायऱ्या कुटं जात्यात वो?" काय सांगणार, कपाळ? माणसांना प्यायला टँकर, त्यातलंच पाणी संध्याकाळी धक्क्याजवळ लावलेल्या गुलाबांना. मी त्यावरून साहेबांशी कडाडून भांडले, तेव्हा कुठं ते बंद झालं.

एका दुपारी शिपाई सांगत आला, "बाई, धक्क्यावर एक म्हातारी बसलीय. तुमचं नाव घेती."

मी धावतच गेले. सगळ्यात खालच्या पायरीवर गाठोडं मांडीवर घेऊन आई बसलेली.

"अगं, आलीस कशी?"

"कशी म्हंजी? आपल्या वाटनं. मोरी उघडी पडलीया की! चिखल बी वाळलाय समदा." मग मान वर करून तिनं सगळा डोलारा पाहिला. "ह्ये काय गं बांधलंय? देऊळ हाय व्हय?"

"बोट लागायला बांधलंय."

"बोट?" तिनं समोरच्या भेगाळलेल्या रानाकडं पाहिलं आणि पदर डोळ्याला लागेस्तोवर हसली. तिचं बघून मलाही हसू फुटलं.

त्या उन्हाळ्यात आई दर बाजारच्या दिवशी आली. नातीला मांडीवर घेऊन तिला भाकरीचा पापुद्रा चारायची, माझ्या डोक्याला तेल लावायची, ऊन उतरलं की निघायची. माझे ते फार सुखाचे दिवस होते, आणि तेच मला सहन होईना. जनावरं छावणीत, सगळा जिल्हा आभाळाकडं डोळे लावून बसलेला, आणि मला ढग दिसला की वाटायचं, हा न बरसताच पुढं जावा. न राहवून एकदा आईजवळ बोलून गेले, तर ती माझ्यावरच भडकली.

"गप बस! असं मनातबी आनू नगंस. लई पाऊस पडू दे, मोरी बुडू दे. बोट येनार हाय न्हवं? तू काढतीस ना ती चित्रं? मग तू बोटीचं बघ."

तू बोटीचं बघ! तिला वाटायचं, लेक कचेरीत आहे म्हणजे बोट लेकीच्याच हातात आहे.

मी परत त्या चार पायऱ्या काढल्या. साहेबांनी ब्लेड उचललं, तेव्हा मात्र मी त्यांचा हात धरला. "साहेब, माझी आई आहे तिकडं."

त्यांनी हात सोडवून घेतला. मग म्हणाले, "बाई, प्रत्येकाची आई कुठंतरी असतेच." आणि खरवडलं. इतक्या वेळा खरवडून त्या जागी कापडाला भोक पडलं.

पुढं पाऊस झाला. धरण चुन्याच्या दगडापर्यंत भरलं, मोरी बुडाली. आणि बोट खरंच आली. दुमजली कसली, पत्र्याच्या छपराची एक साधी लाँच! तिला हार घातला, नारळ फोडला. मी बाजाराला आलेल्या भावाकडून आईला निरोप धाडला आणि रविवारी तिकीट काढून, पोरीला कडेवर घेऊन पर्यटकांत जाऊन बसले.

आई अगदी पाण्याच्या कडेला उभी होती. गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेलं, हातात गाठोडं. बोट वळायला तिच्याजवळून गेली.

"जरा थांबवा हो," मी चालवणाऱ्याला म्हणाले, "एवढं गाठोडं घेते."

"तिकडं धक्का न्हाई, बाई. खडकाला लागंल."

आईनं गाठोडं वर धरलं. मी पोरीला वर धरलं. पुण्याहून आलेल्या पर्यटकांना वाटलं, गावची म्हातारी आपलं स्वागत करतेय. त्यांनी रुमाल काढून तिच्याकडं बघून हलवले. ती काठाकाठानं बोटीबरोबर चालायला लागली आणि काहीतरी ओरडून विचारत होती. इंजिनापुढं ऐकू कुठलं येतंय! पण जेवलीस का, हेच असणार. भेटल्याबरोबर तिचा पहिला प्रश्न तोच.

"जेवले!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले. "जेवले गं आई!"

शेजारची बाई कानावर हात ठेवून म्हणाली, "अहो, जरा हळू. मुलं घाबरतात."