टोकं वर केलेल्या फांद्या

पाइनचं झाड मी पाहिलेलं नाही. डोंगरावर कधी गेलोंच नाही. तरी त्याच्या फांद्या मी कागदाच्या केल्या, त्यावरची बोंडं केली, आणि चांगली केली. हे आधीच लिहून ठेवतों, कारण पुढे वाचाल तेव्हा वाटेल, म्हाताऱ्यास जमलं नाही.

शाळा मला फारशी नाही. बाळबोध अक्षर वडलांनी शिकवलं, तेही पोथी वाचण्यापुरतं. आमची मराठी इथली, तंजावरची जुनी. तिकडच्या मराठी मुलखातून कोणी राजवाडा बघायला आलं आणि आमचं बोलणं कानावर पडलं की हसतात. हसोत. आमच्या घरचं काम कागदाचं. लग्नाचे मांडव, नवरात्रातल्या कोलुच्या, बाहुल्या मांडायच्या पायऱ्या, पालखीच्या झालरी, सगळं आमच्या गल्लीतून जायचं. आता मांडववाला प्लास्टिकची फुलं पोत्यातून आणतो, लग्न झालं की धुतो आणि दुसऱ्या लग्नास लावतो. कात्रीच्या कामास माझ्या दारी कोणी आलं त्यास वर्षं झाली होती.

मुलगा चेन्नैत आहे. त्याच्या आईस दमा. कार्तिक लागला की आमच्या भिंतीत ओल चढते आणि हिचा श्वास शिट्टीसारखा वाजतो. मुलगा दर फोनला तेच म्हणायचा. "आप्पा, दोघं इकडे या. आमच्या इमारतीत खालीच डॉक्टर आहे." मी म्हणायचों, माझं काम आहे. एकदा तो म्हणाला, "कसलं काम, आप्पा?" मी फोन हिच्या हातात दिला.

अशात त्या हॉटेलातली पोर गल्लीत आली. राजवाड्यापलीकडे एका जुन्या बंगल्याचं हॉटेल झालंय, तिथली ती मॅनेजर. डोंगरावरच्या कुन्नूरची. कोणी तरी तिला माझं घर दाखवलं होतं. चप्पल बाहेर काढून आत आली, खाली बसली, फोनवर एक चित्र दाखवलं. दारावरून हिरव्या फांद्या लोंबत होत्या, बारीक बारीक सुयांच्या, आणि मध्ये मध्ये तपकिरी बोंडं.

"तात्ता, डिसेंबरात आमच्याकडे बाहेरचे पाहुणे येतात," ती तामिळमध्ये म्हणाली, तात्ता म्हणजे आजोबा. "दरवाज्यास हे लावायचंय. प्लास्टिक नको मला. इथल्या हातचं हवं."

मी होय म्हटलं. काय, किती, कधी, काही न विचारता. त्याच संध्याकाळी मुलास फोन लावला. "हॉटेलवाल्यांनी माझं काम घेतलं तर मी इथून हलणार नाही. नाही घेतलं तर पोंगल झाला की दोघं तुझ्याकडे येतों. शब्द दिला."

तो मग म्हणाला, "आईला विचारलंत?"

"ती इथेच बसलीय."

ती इथेच बसली होती. अवरक्काईच्या, वालाच्या शेंगा मोडत होती. मान वर केली नाही तिने.

कामाची रीत सांगतों. हिरव्या कागदाची लांब पट्टी घ्यायची, दुहेरी दुमडायची, आणि मोकळ्या बाजूने कात्रीने केसासारखी चिरत जायचं. मग खळ लावून तारेभोवती गुंडाळायची. गुंडाळताना पट्टी ताणली की सुया उभ्या राहतात. बोंडास आत जुन्या वर्तमानपत्राचा गोळा, आणि वरून खाकी कागदाचे खवले, एकावर एक, माशाच्या अंगासारखे. खळ मरवळ्ळीच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या पिठाची, झुरळ लागू नये म्हणून त्यात मोरचूद. दुकानातला गोंद मी वापरत नाही. खळ शिजवायचं काम हिचं. पदर तोंडास लावून ढवळायची, तरी खोकायची.

"तू राहू दे, मी ढवळतों."

"तुमच्या खळीत गुठळ्या होतात," ती म्हणाली. ते खरं होतं.

ओलीमुळे खळ वाळेना. फांद्या चुलीशेजारी दोरीवर टांगून ठेवायच्या, सकाळी हात लावला की थंडगार, ओल्या. तरी वाळल्या हळूहळू. इतक्या वर्षांनी कात्री धरली, तरी बोटं काही विसरली नव्हती. हे मला तिथेच कळलं, आणि फार बरं वाटलं. पुढचं सगळं घडून गेलं तरी त्या दिवसांचं बरं वाटणं खोटं नव्हतं.

भांडण झालं ते टोकांवरून. चित्रात सुया खाली लोंबत होत्या, बोंडंही खाली तोंड करून. आमच्या घरची रीत अशी की दारास लावायचं ते हातानं घडवलेलं असेल तर त्याचं टोक वर. नारळीच्या झावळीचं तोरण करतात ना, त्यात पानाच्या चिमण्या दुमडतात. लग्नघरी चोच वर. मेलेल्या घरी चोच खाली. रस्त्यावरून जाणाऱ्यास लांबूनच कळतं, आत रडणं आहे की जेवणं. वडलांनी एकदा माझ्या हातावर पट्टी मारून हे शिकवलंय. मी सगळ्या सुया वर वळवल्या. बोंडंही वर, देवळाच्या कळसासारखी बसवली.

हिने फांदी हातात घेतली. "हे चित्रासारखं नाही."

"चित्रासारखं केलं तर मढ्याच्या घरचं दिसेल."

"आंब्याचं पान लोंबतं की हो खालीच. सणास लावता ना?"

"ते झाडानं केलंय. मी नाही केलं."

"आणि हे झाड त्या पोरीच्या गावचं आहे. त्यांच्यात खाली असतं तर खाली असतं. दार त्यांचं."

"दार त्यांचं, हात माझा."

"हात!" ती म्हणाली आणि पिठाचं पातेलं घेऊन आत गेली. आतून म्हणाली, "पूर्वीपासून असेच. लग्नात तुमचा फेटाही कोणास बांधू दिला नव्हता. शेवटी सुटलाच ना सप्तपदीत!"

मला हसू आलं, पण मी टोकं वळवली नाहीत.

फांद्या साडीत गुंडाळून आम्ही रिक्षाने गेलों. ही मागे लागून आलीच. हॉटेलच्या ओसरीवर मी एक एक फांदी मांडली. झाडू मारणाऱ्या बाया थांबून बघू लागल्या. एक देवाचं समजून म्हणाली, "कोणत्या सामीचं हो हे?" ती कुन्नूरची पोर आली, खाली बसली, एक फांदी उचलून बोटांनी चाचपली.

"तात्ता, काम किती सुंदर केलंत," ती म्हणाली. मग फांदी उलटी करून बघितली. मी ओळखलं.

"पण?"

"पण हे पाइन दिसत नाही. आमच्या घरामागे आहेत ती झाडं, मी रोज बघत मोठी झाले. ही फांदी वर चढते, ती अशी ओघळते." तिने हाताने दाखवलं. "एवढंच. सुया खाली वळवा, बोंडं उलटी बांधा. अजून वेळ आहे. मी सगळं घेते."

एवढंच होतं. तारा होत्या, वळवल्या असत्या तर बसल्या जागी काम झालं असतं. मी म्हणालों, "दारास मी टोक खाली लावत नाही."

"मी लावीन ना, तात्ता. तुम्ही फक्त करून द्या."

"करून देणं म्हणजे लावणंच."

तिला राग आला नाही, हे वाईट. राग आला असता तर मीही दोन शब्द बोललों असतों. ती हिच्याकडे वळली. "अम्मा, तुम्ही वळवाल का? तुम्हालाही येतं ना हे?"

हिला येतं. माझ्याहून हलका हात आहे हिचा. हिने माझ्याकडे बघितलं. मी ओसरीच्या खांबाकडे बघत राहिलों. होय म्हण असं मी म्हणू शकत नव्हतों, नको म्हण असंही नाही. ही बराच वेळ श्वास गोळा करत बसली. मग म्हणाली, "नाही गं बाळ. पोंगल झाला की आम्ही मुलाकडे चाललों."

रिक्षात मी विचारलं, "तू का सांगितलंस?"

"तुम्ही सांगितलं नसतं म्हणून."

"तू वळवल्या असत्यास तर मी अडवलं नसतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मग आयुष्यभर म्हणाला असतात, हिच्यामुळे इथे राहिलों." आणि खोकल्याने पुढचं बोलणं राहिलं.

त्या फांद्या मी आमच्याच दारास लावल्या, टोकं वर. मार्गळीच्या, पोंगलआधीच्या महिन्याच्या ओलीत रंग सुटला. उंबऱ्यावर हिरवं पाणी ठिबकायचं, ही रोज सकाळी कोलमची रांगोळी घालण्याआधी ते पुसायची.  पोंगलच्या दिवशी मी फांद्या उतरवल्या. तारा सोडवून भंगारवाल्यास दिल्या, कागद चुलीत गेला. मोरचुदाने ज्वाळ हिरवी झाली.

आता चेन्नैत आहों. डॉक्टर खाली आहे, हे खरं. त्याने हिची छाती तपासली आणि म्हणाला, फार उशिरा आणलंत. मुलगा माझ्याकडे बघत नव्हता. औषध चालू आहे, नळीतून वाफ घेते, पण शिट्टी थांबली नाही. इथेही ओल आहे, समुद्राची.

दुपारी ही भिंतीस टेकून उशा लावून झोपते, मी शेजारी खुर्चीवर बसतों. कोणी विचारलं तर आजही सांगेन, टोक वरच हवं होतं. पण इथे विचारत कोणी नाही. सून भली आहे, इकडच्या रीतीने मला मामा म्हणते. परवा तिने रंगीत कागदाचं पुडकं आणि कात्री आणून पुढ्यात ठेवली. "मामा, काही करा. वेळ जाईल."

मी पुडकं उघडलं नाही. तसंच उचलून कपाटावर ठेवलं. शेजारी हिने कूस बदलली आणि श्वास पुन्हा वाजू लागला. मी खुर्ची थोडी जवळ ओढली. काय करूं, आणि कोणाच्या दारास लावूं?